थरांवर थर: ऑइल पेस्टलमध्ये निसर्गचित्र कसं रंगवावं

ऑइल पेस्टलने, म्हणजे तेल-मेणाच्या रंगीत खडूंनी, निसर्गचित्र करायला बसलेल्या बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. सुरुवातीला आकाश, डोंगर, झाडं झरझर उमटतात आणि मग खडू कागदावरून नुसता घसरायला लागतो. वरून दिलेला रंग बसत नाही. बसलाच तर खालचा रंग उकरून घेऊन येतो आणि सगळ्याची मिळून एक मळकट राखाडी होते. यात रंगांचा दोष क्वचितच असतो. पहिल्याच थरात हात जड पडलेला असतो.

या माध्यमात रंगांच्या निवडीइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, हाताचा दाब महत्त्वाचा आहे. कोणत्या थराला किती दाब द्यायचा हे एकदा हाताला कळलं की साध्या चोवीस रंगांच्या पेटीतूनही खोली असलेलं निसर्गचित्र निघतं. हा लेख त्याच क्रमाने जातो: आधी साहित्य, मग आराखडा, मग एकेक थर, आणि शेवटी चित्र जपायचं कसं.

खडूत नेमकं काय असतं

ऑइल पेस्टलमध्ये रंगद्रव्य, मेण, न वाळणारं तेल आणि थोडी भुकटी असते. ‘न वाळणारं’ हा शब्द लक्षात ठेवा. तैलरंगातलं जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू घट्ट होतं, तसं इथे होत नाही. चित्र वर्षभराने हाताळलं तरी पृष्ठभाग मऊच असतो. याचे दोन परिणाम होतात. एक, खालचा थर वाळण्याची वाट पाहून वरचा थर देता येत नाही, कारण तो वाळतच नाही. दोन, प्रत्येक नवा थर खालच्या थरात थोडा मिसळतोच. थर देण्याची सगळी युक्ती या मिसळण्यावर ताबा ठेवण्यात आहे.

जपानमधल्या साकुरा कंपनीने 1925 साली असे खडू पहिल्यांदा बाजारात आणले, ते मुलांच्या चित्रकलेसाठी. पुढे 1949 मध्ये पॅरिसच्या सेनेलिए या रंगकंपनीने पिकासोसाठी व्यावसायिक दर्जाचे खडू तयार केले. कोणत्याही पृष्ठभागावर, आधी तो तयार न करता, सरळ काढता यावं अशी त्याची अपेक्षा होती. आजही खडूंचे हेच दोन वर्ग दिसतात. विद्यार्थ्यांचे खडू कडक, मेण जास्त, रंगद्रव्य कमी. कलाकारांचे खडू मऊ, लोण्यासारखे पसरणारे. थर देताना दोन्हींचा उपयोग होतो: कडक खडू खाली, मऊ खडू वर. उलट केलं तर मऊ थरावर कडक खडू ओरखडे काढत जातो. साकुरा, पेंटल यांच्यासारखे कडक खडू पायासाठी, मुंगयो गॅलरी किंवा निओपास्टेल मधल्या थरासाठी आणि सेनेलिए शेवटच्या जाड फटकाऱ्यांसाठी, अशी विभागणी चांगली जमते. एकाच प्रकारची पेटी असेल तरीही काम होतं. तेव्हा सगळा फरक दाबातून काढावा लागतो.

पेटी मोठी घेण्याचा मोह टाळा, असं माझं ठाम मत आहे. चोवीस रंग पुरतात. त्याऐवजी पांढऱ्या खडूच्या दोन-तीन कांड्या सुट्या घ्या, कारण निसर्गचित्रात पांढरा सगळ्यात आधी संपतो: आकाशात, धुक्यात, दूरच्या डोंगरांत, पाण्यात, सगळीकडे तोच लागतो. यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि फिकट राखाडी-निळा हे पुढचे दोन. पेटीवर किंवा खडूच्या वेष्टनावर अनेकदा प्रकाशात रंग टिकण्याची खूण असते. चित्र भिंतीवर लावणार असाल तर ती जरूर बघा. स्वस्त पेट्यांतले झगझगीत गुलाबी आणि जांभळे लवकर उडतात.

कागद: इथे कंजुषी नको

खडूचा रंग कागदाच्या खरखरीत दाण्यांत अडकून बसतो. दाणे भरले की थर संपले. म्हणजे कागदाचे दाणे हे खिशातल्या पैशांसारखे आहेत: पहिल्या थरात सगळे उधळले तर शेवटच्या थराला काही उरत नाही.

गुळगुळीत कागदावर एक-दोन थरांपलीकडे जाता येत नाही. साध्या वहीचा कागद तर तेल पिऊन पारदर्शक होतो आणि मागे डाग उमटतो. किमान 200 जीएसएमचा (चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाचा), हाताला खरखर लागेल असा कागद घ्या. जलरंगाचा कोल्ड प्रेस कागद चालतो. पेस्टलसाठी मिळणारा बारीक वाळूसारख्या पृष्ठभागाचा कागद सगळ्यात जास्त थर घेतो, पण खडूही तितकाच खातो. जाड पुठ्ठ्यावर अ‍ॅक्रिलिक जेसोचे (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात देऊन वाळवलं तर तोही उत्तम पृष्ठभाग होतो, आणि तेल आत झिरपणंही थांबतं. जेसो रुंद, राठ ब्रशने द्या. त्याच्या केसांच्या रेघा नंतर गवताला आणि पाण्याला कामी येतात.

आकार ए-4 पेक्षा लहान नको. खडूचं टोक जाड असतं, लहान कागदावर झाड काढायला गेलं की नुसता ठिपका उमटतो. कागद फळीवर मास्किंग टेपने चारी बाजूंनी चिकटवा आणि कागदाखाली दोन-तीन साधे कागद घाला. थोडी गादी असली की खडू खालच्या फळीचा पोत उचलत नाही. ही टेपची सेंटिमीटरभर कड शेवटी काढली की स्वच्छ पांढरी किनार मिळते आणि चौकटीत बसवतानाही तिचा उपयोग होतो.

बाकी लागतं ते असं: टिश्यू पेपर, जुनं सुती फडकं, इअरबड, कागदी स्टंप (रंग घोटायची गुंडाळलेल्या कागदाची कांडी), छोटी पॅलेट नाइफ (रंग उचलायची बोथट सुरी), संपलेलं बॉलपेन किंवा बांबूची काडी, आणि हवं असेल तर थोडं बिनवासाचं थिनर. फडकं सगळ्यात महत्त्वाचं आहे. खडूचं टोक प्रत्येक रंगबदलानंतर पुसायचं असतं, आणि ही सवय लागेपर्यंत चित्रं मळकटच होतात. पिवळ्या खडूच्या टोकावर कणभर निळा चिकटलेला असेल तर पुढच्या फटकाऱ्यात तो हिरवी रेघ काढतो, आणि ती पुसून जात नाही.

आराखडा: तीनच छटांत

कोणतंही दृश्य निवडा, पण पहिल्या काही चित्रांसाठी रचना सोपी ठेवा: वर आकाश, मागे एकामागे एक दोन-तीन डोंगररांगा, मध्ये झाडांचा पुंजका, समोर गवत आणि एखादा पाण्याचा तुकडा. या लेखात हेच दृश्य धरून चाललो आहे.

रंगांना हात लावण्याआधी आगपेटीहून थोडं मोठं कच्चं चित्र पेन्सिलने काढा, फक्त तीन छटांत: उजळ, मध्यम, गडद. निसर्गात सहसा आकाश सगळ्यात उजळ असतं, कारण प्रकाश तिथूनच येतो. सपाट जमीन त्या प्रकाशाला समोरासमोर असते, म्हणून ती दुसऱ्या क्रमांकाची उजळ. डोंगरउतार तिरपे, म्हणून त्याहून गडद. झाडांसारख्या उभ्या गोष्टींवर वरचा प्रकाश सगळ्यात कमी पडतो, म्हणून त्या सगळ्यात गडद. बर्फ, पांढरी वाळू, वादळी आभाळ असे अपवाद आहेत, पण बहुतेक दृश्यांत हा क्रम खरा ठरतो. समोर दृश्य असताना डोळे अर्धवट मिटून पाहिलं की बारकावे विरघळतात आणि छटांचे मोठे तुकडे दिसायला लागतात. फोटोवरून काम करत असाल तर तो फोनवर कृष्णधवल करून बघा. मात्र कॅमेरा सावल्या खऱ्याहून काळ्या करतो, हे लक्षात असू द्या.

आता मोठ्या कागदावर रेखाटन. पेन्सिल नको. शिसं तेलात मिसळून फिकट रंग काळपट करतं आणि पिवळ्या किंवा आकाशी थराखालून रेघ दिसत राहते. यलो ऑकर किंवा फिकट राखाडी खडूने, कागदाला जेमतेम टेकवत, फक्त मोठ्या आकारांच्या सीमा काढा. क्षितिज बरोब्बर मध्यावर नको. आकाश बोलकं असेल तर क्षितिज खाली घ्या, जमीन बोलकी असेल तर वर.

शून्यावा थर: कागदाला रंग

पांढऱ्या कागदावर खडूच्या रेघांमधून पांढरे ठिपके डोकावतात आणि चित्र किरकिरं दिसतं. त्यावर उपाय म्हणून लोक दाब वाढवतात, आणि दाणे तिथेच संपतात. त्यापेक्षा कागदालाच आधी रंग द्या.

यलो ऑकर किंवा फिकट नारिंगी खडूची बाजू कागदावर हलकेच फिरवा. टिश्यूवर थिनरचे चार-पाच थेंब घेऊन तो रंग सगळीकडे पसरवा. रंग विरघळून कागदावर पातळ डागासारखा बसतो आणि दाणे जवळजवळ मोकळेच राहतात. खिडकी उघडी ठेवा, थिनर पूर्ण उडून जाईपर्यंत थांबा, आणि ओला टिश्यू आगीपासून लांब टाका. थिनर नको असेल तर पातळ अ‍ॅक्रिलिक किंवा जलरंगाचा वॉश द्या आणि कोरडा होऊ द्या. हे खडूच्या खालीच चालतं. तेलकट थरावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, ते पुढे सुटून येतं.

उबदार रंगच का? कारण निसर्गचित्रात हिरवा आणि निळा यांचं राज्य असतं. त्यांच्या फटींतून नारिंगी-पिवळसर पार्श्वभूमी थोडी थोडी दिसत राहिली की हिरवा जिवंत वाटतो. पुढच्या सगळ्या थरांत हा रंग पूर्ण झाकला जाणार नाही याची काळजी घ्या.

पहिला थर: हवेसारखा हात

खडूवरचा कागद सोला, दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा मोडून घ्या आणि तो आडवा धरा. टोकाने रेघा ओढायच्या नाहीत, बाजूने सरकवायचं. दाब इतकाच की खडूचं स्वतःचं वजन कागदावर पडावं. खालचा कागद निम्म्याहून अधिक दिसत राहायला हवा. या थरात सगळं चित्र व्यापा. एकही कोपरा मोकळा ठेवू नका आणि एकही वस्तू ‘पूर्ण’ करू नका.

आकाशाच्या तळाला, क्षितिजालगत, फिकट पीच किंवा लिंबू-पिवळा. त्याच्या वर फिकट आकाशी, सगळ्यात वर अल्ट्रामरीन (गडद निळा). डोकं वर करून बघितलं तरी हेच दिसतं: डोक्यावरचं आकाश गडद, क्षितिजाजवळचं फिकट, कारण क्षितिजाकडे बघताना नजर हवेच्या कितीतरी जाड थरातून जाते.

सगळ्यात मागच्या डोंगराला फिकट जांभळा आणि त्यावर आकाशी. त्याच्या पुढच्या रांगेला निळा-राखाडी. जवळच्या रांगेला निळसर हिरवा. इथेही कारण हवाच आहे. आपल्या आणि डोंगराच्या मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते, म्हणून दूरच्या सावल्या निळ्या आणि उजळ होत जातात. दूरचा डोंगर हिरव्या झाडीने भरलेला आहे हे आपल्याला माहीत असतं, आणि तेवढ्यावरच आपण तो हिरवा रंगवून टाकतो. डोळ्यांना तो निळा दिसत असतो. डोळ्यांचं ऐका.

झाडांच्या जागी हिरवा अजिबात नको. तिथे जांभळा, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) किंवा गडद लाल द्या. विचित्र दिसेल, दिसू द्या. समोरच्या गवताच्या जागी यलो ऑकर आणि नारिंगी.

दुसरा थर: आकाश पुरं करा

इथून काम वरून खाली चालतं. आकाश आधी संपवायचं, कारण खालच्या गडद रंगांचा भुगा वर आला तर फिकट आकाशात तो कायमचा बसतो. हात टेकायला एक स्वच्छ कागद खाली ठेवा.

पहिल्या थरावर त्याच रंगांचा पुन्हा हलका हात द्या, या वेळी रेघांची दिशा बदलून: आधी आडव्या असतील तर आता तिरप्या. मग दोन रंग जिथे भेटतात तिथे पांढरा किंवा फिकट आकाशी खडू फिरवा. ऑइल पेस्टलमध्ये फिकट खडू स्वतःच ब्लेंड करण्याचं साधन असतो, तो खालच्या रंगांना एकमेकांत सरकवतो. बोटाने घोटणं त्यानंतर, आणि तेही फिकटाकडून गडदाकडे. अल्ट्रामरीनमधून पीचकडे बोट आणलंत तर क्षितिज काळवंडतं.

किती घोटावं? जितकं वाटतं त्याहून कमी. पूर्ण गुळगुळीत केलेलं आकाश छापील दिसतं, आणि शिवाय घोटताना रंग दाण्यांत खोल दाबला जातो, म्हणजे तिथे पुढचे थर बंद. मी आकाशाचा क्षितिजाजवळचा पट्टा घोटतो आणि वरचा भाग खडूच्या फटकाऱ्यांतच ठेवतो.

ढग काढायचे तर त्यांच्या सावलीपासून सुरुवात करा. ढगाचा तळ राखाडी-जांभळा, त्यावर पीच, आणि प्रकाशाच्या बाजूच्या कडेला अगदी शेवटी जाड पांढरा. वरची कड थोडी ठळक, खालची पुसट. दूरचे ढग चपटे, लहान आणि क्षितिजाच्या जवळ येत जातात. सगळे एका मापाचे काढले तर आकाश भिंतीसारखं उभं राहतं.

डोंगर: थरांतून अंतर

मागच्या डोंगरापासून पुढे या. प्रत्येक रांगेवर दुसरा थर देताना दाब किंचित वाढवा आणि रंग किंचित गडद करा. कडांचंही तसंच. सगळ्यात मागच्या डोंगराची कड बोटाने आकाशात किंचित विरघळवा, मधली तशीच ठेवा, पुढची स्वच्छ. रांगेचा तळ तिच्या माथ्यापेक्षा फिकट ठेवला तर दऱ्यांत धुकं साचल्याचा भास होतो, आणि पुढच्या रांगेचा गडद माथा त्यावर आपोआप उठून दिसतो.

सगळ्या रांगा रंगवून झाल्या आणि मागची पुरेशी मागे जात नाही असं वाटलं, तर फिकट राखाडी-निळा खडू आडवा धरून तिच्यावरून एकदाच, अगदी अलगद फिरवा. हा हवेचा थर. खालचे सगळे रंग राहतात आणि त्यांच्यावर एक पातळ पडदा येतो. ऑइल पेस्टलची खरी ताकद मला इथे दिसते. ब्रशने हे करायला खालचा थर वाळावा लागतो, इथे हाताच्या हलकेपणावर भागतं. मात्र दुसऱ्यांदा फिरवू नका. दुसऱ्या वेळी पडदा राहत नाही, मिसळण होते.

एक झाड जवळून

झाडांवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण थरांचं सगळं गणित एका झाडात सामावलेलं असतं. तळहाताएवढं एक झाड घेऊन बघू.

खाली जांभळा आणि बर्न्ट सिएनाचा विरळ थर आहे. त्यावर गडद हिरवा आणि प्रशियन ब्लू असे दोन्ही, मध्यम दाबाने, फक्त झाडाच्या सावलीच्या बाजूला आणि फांद्यांच्या पोटात द्या. काळा खडू पेटीतच राहू द्या. काळ्याने सावली मरते, आणि तो नंतरच्या प्रत्येक फिकट रंगाला चिकटतो. गडद हिरवा, गडद लाल आणि निळा एकत्र आले की काळ्याच्या जवळ जाणारी पण आत रंग असलेली सावली मिळते.

आता मधली छटा: ऑलिव्ह किंवा सॅप ग्रीन. खडू रेघेसारखा ओढू नका. तुकडा आडवा धरून टेकवा, थोडा फिरवा, उचला. टेकवा, फिरवा, उचला. प्रत्येक वेळी दिशा वेगळी. असे तुटक ठसे पानांच्या पुंजक्यांसारखे दिसतात आणि त्यांच्या मधून खालचा सिएना डोकावतो. पेटीतला भडक हिरवा सरळ वापरायची वेळ सहसा येत नाही. आलीच तर आधी ऑकर देऊन त्यावर तो द्या.

तिसरी छटा प्रकाशाची. दृश्यात ऊन डावीकडून येत असेल तर प्रत्येक पुंजक्याच्या डाव्या खांद्यावर, आणि फक्त तिथेच, फिकट पिवळसर हिरवा. या वेळी दाब जास्त, ठसे कमी. झाडाच्या एकूण क्षेत्राच्या पाचव्या भागाहून जास्त जागा उजळ झाली तर झाड चपटं होतं.

शेवटी पानांमधून दिसणारं आकाश. चार-पाच भोकं पुरेत, लहान-मोठी, आणि कडेकडेला. त्यांचा रंग मोकळ्या आकाशाहून थोडा गडद हवा. आकाशाचाच फिकट रंग वापरला तर ती भोकं दिव्यांसारखी पुढे येतात. जागा आधी पॅलेट नाइफच्या टोकाने खरवडून मोकळी करा, मग रंग टेकवा.

खोड आणि फांद्या याच्याही नंतर, आणि सलग नकोत. पानांत हरवतात, पुन्हा दिसतात.

काम करताना कानही उघडे ठेवा. कागदात जागा असेपर्यंत खडू बारीक खरखर आवाज करतो. आवाज बंद होऊन खडू नुसता सरकायला लागला की त्या जागी थर संपले, हे डोळ्यांना दिसण्याआधी कानाला कळतं. तिथे थांबा, दुसरीकडे वळा.

पाणी

पाण्यात जे दिसतं ते उभ्या फटकाऱ्यांनी आधी खाली ओढा: झाडाचा गडद रंग, डोंगराचा निळा, आकाशाचा फिकट. प्रतिबिंबात गडद गोष्टी खऱ्याहून थोड्या उजळ आणि उजळ गोष्टी थोड्या गडद दिसतात, म्हणजे छटा एकमेकींच्या जवळ येतात. मग बोटाने वरून खाली एकदा घोटा. त्यावर फिकट आकाशी खडूच्या टोकाने दोन-चार आडव्या रेघा, पूर्ण क्षितिजसमांतर. जराशी तिरकी झाली तरी पाणी उताराला लागतं. लांबच्या रेघा बारीक आणि जवळजवळ, पुढच्या रुंद आणि विरळ.

समोरचं गवत: खरवडण्याचं तंत्र

इथे सगळं उलट करायचं आहे. आतापर्यंत दाब जपला, गवतात तो सढळ हाताने वापरा. खाली फिकट पिवळा आणि ऑकर जोर देऊन भरा, कागद पूर्ण झाकेपर्यंत. त्यावर ऑलिव्ह आणि गडद हिरवा, तोही दाबून. आता संपलेल्या बॉलपेनने किंवा बांबूच्या काडीने खालून वर झटके द्या. वरचा गडद थर निघतो आणि खालचा पिवळा गवताच्या पात्यांसारखा चमकतो. झटका बुडाशी घट्ट आणि टोकाला सुटता हवा, म्हणजे पातं निमुळतं होतं. पाती वेगवेगळ्या कोनांत, एकमेकांना छेदणारी, काही पुंजक्यांत आणि काही एकटी. सगळीकडे खरवडू नका. एका कोपऱ्यात दाट आणि बाकी ठिकाणी तुरळक ठेवा.

खरवडलेला रंग टोकावर गोळा होतो, तो दर दोन-तीन झटक्यांनी फडक्याला पुसा. नाहीतर तोच गोळा पुढच्या रेघेत चिकटतो.

शेवटचे फटकारे

चित्र उभं करा, चार-पाच पावलं मागे जा आणि डोळे अर्धवट मिटून बघा. आता फक्त दहा-पंधरा ठिकाणी काम उरलेलं असावं: ढगाची कड, पाण्यावरची एखादी लख्ख रेघ, गवतातली फुलं, झाडाच्या खांद्यावरचं ऊन. यासाठी सगळ्यात मऊ खडू घ्या. टोक स्वच्छ पुसा, एकदाच जोरात टेकवा आणि उचला. त्याला पुन्हा हात लावायचा नाही, घोटायचं तर मुळीच नाही. रंगाचा छोटासा उंचवटा तयार होतो, त्याच्यावर खरा प्रकाश पडतो, आणि तो भाग आपोआप पुढे येतो. खडू बसतच नसेल तर त्याचा थोडा भाग पॅलेट नाइफवर खरवडून घ्या आणि नाइफनेच लोण्यासारखा लावा. भरलेल्या दाण्यांवरही असा रंग बसतो.

काही अडलं तर

खडू घसरतोय आणि तिथे अजून काम बाकी आहे: पॅलेट नाइफ तिरपी धरून तो भाग खरवडा. खालचा डाग राहील, पण दाणे बरेचसे मोकळे होतील. यासाठी पुन्हा सुरुवात करायची गरज नसते.

रंग गढूळ झाला: एकाच जागी तीनपेक्षा जास्त रंग घोटले गेलेत, किंवा रंगचक्रावर समोरासमोर येणारे रंग, जसे लाल आणि हिरवा, बोटाने एकजीव झालेत. ते शेजारी किंवा एकावर एक असले की उठाव देतात, मिसळले की राखाडी होतात. खरवडा आणि एकच स्वच्छ रंग दाबून द्या.

सगळं एकाच अंतरावर दिसतंय: बहुतेक वेळा मागच्या डोंगरात गडद रंग जास्त झालेला असतो. हवेचा थर द्या. आणि सगळ्यात गडद छटा फक्त समोरच्या तिसऱ्या भागात आहे ना, ते तपासा.

उकाड्यात खडू फार मऊ होऊन चिकचिकाट करत असेल तर पेटी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. थंडीत उलट, वापरण्याआधी खडू मुठीत धरून ठेवा.

चित्रावर पडलेले रंगाचे कण बोटाने किंवा ब्रशने झटकू नका, ते पसरतात. सुरीच्या टोकाने एकेक उचला, किंवा कणकेसारखा मळता येणारा मऊ खोडरबर अलगद टेकवून घ्या. आणि हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका. कलाकारांच्या दर्जाच्या काही खडूंत कॅडमियमसारखी रंगद्रव्यं असू शकतात.

चित्र जपताना

टेप काढताना ती कागदाच्या बाहेरच्या दिशेने, सपाट कोनात, हळूहळू ओढा. पृष्ठभाग कधीच पूर्ण कडक होणार नाही, हे धरूनच पुढची व्यवस्था करा. कोरड्या पेस्टलचं फिक्सेटिव्ह (रंग धरून ठेवणारा फवारा) इथे उपयोगाचं नाही. खास ऑइल पेस्टलसाठी मिळणारं फिक्सेटिव्ह असतं, त्याचे लांबून, पातळ, बरेच हात द्यावे लागतात, तेही मोकळ्या हवेत आणि आधी एखाद्या टाकाऊ चित्रावर बघून. त्याने वर एक पापुद्रा येतो, पण खालचा रंग मऊच राहतो. म्हणून त्याच्या भरवशावर चित्रं एकावर एक रचू नका.

पेटीत ठेवायची असतील तर प्रत्येक दोन चित्रांमध्ये ग्लासाइन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद) किंवा बटर पेपर घाला. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. चित्रं आडवी ठेवा आणि वर वजन ठेवू नका. चौकटीत लावताना काच हवीच, धूळ या पृष्ठभागावर कायमची चिकटते, पण काच चित्राला टेकता कामा नये. जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची कड) किंवा कडेच्या पट्ट्या घालून मध्ये काही मिलिमीटर मोकळी जागा ठेवायला चौकट करणाऱ्याला आवर्जून सांगा. ऊन थेट पडेल किंवा उष्णतेची झळ लागेल अशी भिंत टाळा. फोटो काढायचा तर चौकटीत घालण्याआधी काढून ठेवा, खिडकीच्या बाजूने येणाऱ्या सौम्य उजेडात, फ्लॅश बंद करून. जाड फटकाऱ्यांवरची तेलाची चमक फ्लॅशमध्ये पांढऱ्या डागांसारखी येते.